अठ्ठावीस अंश

मच्छीमार सोसायटीच्या पावसे सेक्रेटरींनी गोणपाट सोडलं आणि आतलं होकायंत्र माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच्या पितळी कडेला अजून वाळू चिकटलेली होती.

"बाई, हे बिघडलंय की नाही, एवढंच आम्हाला लेखी हवंय," ते म्हणाले. "बंदराच्या साहेबांनी सांगितलंय, कॉलेजातून तपासून आणा."

"कुठलं आहे हे?"

"आमच्या साखरतळीच्या लाँचवरचं. दोन आठवड्यांपूर्वी खडपावर, किनाऱ्याच्या खडकावर, आपटून फुटली ती. तुमच्या कानावर आलं असेल."

कानावर आलं होतं. चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता तो. त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला जेमतेम सात महिने झाले होते. मी उमरग्याकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला आले तेव्हा. वय सव्वीस. विद्यापीठात पहिली आले होते आणि ते अजून अंगातून उतरलेलं नव्हतं. उमरगेकरबाईंना विचारा, असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

मी पावसेंना बाकावर बसायला सांगितलं. टेबलावरचं लोखंडी सामान बाहेर नेऊन ठेवलं, प्रयोगशाळेच्या फरशीवर उत्तर-दक्षिण रेघ आखलेली होती तिच्याशी होकायंत्र जुळवलं, चारी दिशांना फिरवून पाहिलं. चकती दर वेळी हळूच डोलून जागेवर यायची. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

"उत्तम आहे," मी म्हणाले. "काहीही बिघाड नाही."

पावसेंनी मान हलवली. त्यांना आनंद झाला नाही, पण सुटल्यासारखे दिसले.

"मग संपलं. लाँच चालवणारा दामूतांडेलच चुकला म्हणायचा."

"असं कसं ठरतं?"

"आता बघा बाई. लाँच दक्षिणेला गेलेली. परत येताना नाक उत्तरेला धरायचं, किनारा उजव्या हाताला दोन-तीन कोस लांब ठेवायचा. पहाटेचं धुकं होतं, हातावरचं दिसत नव्हतं. म्हणजे भरवसा सगळा होक्यावर. होका चांगला, इंजिन चांगलं, आणि लाँच किनाऱ्यात घुसून खडपावर बसते. चुकलं कोण? सुकाणू त्याच्याच हातात होतं. तीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस. लोक म्हणतात, प्यायलेला असणार."

"होता का?"

"तो काही बोलतच नाही. चूक माझी, एवढंच म्हणतो. त्याचा मेव्हणा गेला त्यात, वामन नाटेकर. इंजिनावर होता. धाकट्या बहिणीचा नवरा. ती बहीण आता भावाचं तोंड बघत नाही." पावसे उठले. "येत्या सोमवारी सोसायटीची सभा आहे. त्याला कायमचा किनाऱ्यावर बसवायचा ठराव येणार आहे. तुमचा कागद लागेल."

मी कागद लिहिला. होकायंत्र निर्दोष असून दिशादर्शनात कोणतीही चूक आढळली नाही. खाली सही, कॉलेजचा शिक्का. होकायंत्र सभेपर्यंत प्रयोगशाळेतच राहू दे, असं पावसे म्हणाले आणि गेले.

बुधवारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर माझा तास होता. सरळ तारेतून स्थिर विद्युतधारा वाहत असेल तर तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र किती, हे गणित. फळ्यावर सूत्र मांडलं. धारा दुप्पट केली की क्षेत्र दुप्पट, अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं. मग नेहमीप्रमाणे टेबलावर एक साधी चुंबकसुई ठेवली, तिच्यावरून तार नेली आणि बटण दाबलं. सुई सर्रकन बाजूला वळली. मुलं हसली. बटण सोडलं, सुई जागेवर आली.

मी परत बटण दाबलं. परत सोडलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि माझा हात तिथेच राहिला.

"लाँचवर वीज असते का रे?" मी विचारलं.

मागच्या बाकावर साखरतळीच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा बसायचा. तो म्हणाला, "असते की बाई. बॅटरीवर. आता तर पुढच्या नाळेवर मोठे दिवेही बसवलेत काहींनी. मासळी निवडायला."

"त्या दिव्यांची तार कुठून जाते?"

"ते नाही ठाऊक बाई. पण बॅटरी मागे, इंजिनाजवळ असते."

बॅटरी मागे, दिवे पुढे. मधे तांडेल, आणि त्याच्या पुढ्यात होकायंत्र. मी ते तपासलं होतं लाकडी टेबलावर, भर दुपारी, आजूबाजूला एकही तार नसताना. मी सही करून एका माणसाचा निकाल लावून टाकला होता आणि निम्मीसुद्धा तपासणी केली नव्हती.

शनिवारी दुपारच्या एसटीने मी साखरतळीला गेले. भरतीने ओढून आणलेली लाँच वाळूवर एका कुशीवर पडली होती. उजवी बाजू खालून उघडी पडलेली, फळ्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. तिच्या सावलीत एक पन्नाशीचा माणूस बसला होता. हातात पक्कड होती आणि तो फुटक्या फळ्यांतले तांब्याचे खिळे काढून डब्यात टाकत होता.

"दामोदर डोर्लेकर तुम्हीच का?" मी विचारलं. "मी कॉलेजातली. होकायंत्र मीच तपासलं."

त्यांनी वर पाहिलं. "बरोबर निघाला ना होका?"

"हो. पण मला लाँच आतून बघायची आहे."

"काय बघायचंय?"

"दिव्यांची तार."

पक्कड थांबली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही दिलाव तो कागद चांगला हाय. तोच राहू दे."

"त्या कागदामुळे तुमची तांडेलकी जाईल."

"जाऊ दे. माणूस गेला तिथं तांडेलकीचं काय. चूक माझी हाय, मी कबूल केलंय. तुम्ही या भानगडीत पडू नका."

मला वाटलं, हा माणूस लाजेने आणि दुःखाने खचलाय. आपली बाजू मांडायचं त्राण याच्यात उरलेलं नाही. म्हणजे ती आपणच मांडायला हवी. मी साडीचा पदर खोचला आणि कलत्या लाँचवर चढले. त्यांनी अडवलं नाही. फक्त पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करून बसले.

सुकाणूच्या पुढ्यात लाकडी फळी होती. होकायंत्र बसवायची गोल खाच त्या फळीतच होती, आणि फळीच्या खालून, अगदी खाचेच्या मधोमध, खिळ्यांना गुंडाळत नेलेली एक जाड काळी तार मागून पुढे सरळ गेलेली होती. एकच तार. परतीची तार मी शोधली, तर ती लांब डाव्या काठाने, जुन्या दिव्याच्या तारेला जोडून आणलेली निघाली. ज्याने काम केलं होतं त्याने जुनी तार वापरून नव्या तारेचा निम्मा खर्च वाचवला होता. काम मात्र नेटकं होतं. प्रत्येक खिळ्याला रबराचा तुकडा लावलेला.

मी पट्टी लावून मोजलं. खाचेतल्या होकायंत्राच्या मध्यापासून तारेपर्यंत दहा सेंटिमीटर. तारेची सरळ लांबी साडेतीन मीटर. पुढचे चार दिवे अजून जागेवर होते, प्रत्येक साठ वॉटचा, बॅटरी चोवीस व्होल्टची. आकडे वहीत उतरवताना मला हसू आलं. इतकं सोपं. हे माझ्या वर्गातलं पोरही करील.

रविवारी खोलीवर मी ते गणित तीनदा केलं. चार दिव्यांची धारा दहा अँपिअर. तार खूप लांब समजून एकदा क्षेत्र काढलं, मग साडेतीन मीटरच धरून तुकड्या-तुकड्याने काढलं. उत्तर तेच. परतीच्या तारेचा हिशेब घातला, ती दीड मीटर दूर होती, तिच्याने फरक पडत नव्हता. पृथ्वीचं आडवं क्षेत्र आपल्याकडे ०.३८ गाऊस. तारेचं ०.२०. एक उत्तरेला ओढणार, दुसरं पूर्वेला. दोघांच्या ओढाताणीत चकती कुठे थांबणार तर उत्तरेपासून अठ्ठावीस अंश पूर्वेला. पूर्वेला म्हणजे किनाऱ्याकडे. तांडेल डोळे फाडून होकायंत्राप्रमाणे उत्तर धरून चालला होता, आणि लाँच दिवे चालू असेपर्यंत सरळ खडपाकडे चालली होती. दोन तारा जोडीने नेल्या असत्या तर एकीने दुसरीचं क्षेत्र पुसून टाकलं असतं आणि काहीच झालं नसतं.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. सभेतच सांगायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला त्या सभेची वाट बघवत नव्हती.

सोमवारी दुपारी तीनला बर्फाच्या कारखान्यावरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं दाटीने बसली होती. तीन आठवडे आभाळ स्वच्छ होतं, पण आदल्या दोन पहाटे परत धुकं धरलं होतं, त्यावरच दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. दामूतांडेल पुढे एकटे खाली बसलेले. बायका मागे भिंतीला टेकून. त्यांच्यात एक तिशीची बाई होती, कपाळ मोकळं, नजर भावाच्या पाठीवर खिळलेली. तीच गुलाब नाटेकर, हे मला कुणी न सांगता कळलं.

पावसेंनी ठराव वाचला आणि माझ्याकडे वळले. "बाईंनी होका तपासलाय. त्या सांगतील."

"मी दिलेला कागद अपुरा आहे," मी उभी राहत म्हणाले. "तो मागे घेते. हा अपघात तांडेलांच्या चुकीने झालेला नाही."

दामूतांडेलांनी झटकन मान वळवली. "बाई, बसा खाली," ते म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

मी तयारीने गेले होते. कॉलेजची बॅटरी, धारा कमी-जास्त करायचा अवरोधक, अँमीटर आणि तेच पितळी होकायंत्र. टेबल उत्तर-दक्षिण लावून घेतलं. होकायंत्राखाली दहा सेंटिमीटरवर तार ताणली, परतीची तार लांबून नेली. चार-पाच तांडेलांना जवळ बोलावलं.

"आता बघा. दिवे बंद आहेत. उत्तर कुठे आहे?"

"बरोबर हाय," एक म्हातारे म्हणाले.

मी धारा सुरू केली. काटा दहावर नेला. होकायंत्राची चकती वळली, डोलली, आणि उत्तर सोडून भलतीकडेच स्थिर झाली. म्हाताऱ्याने हात मागे घेतला. कुणीतरी बाकावर चढून बघायला लागलं. मागच्या बायका उठून पुढे आल्या.

"अठ्ठावीस अंश," मी म्हणाले. फळा नव्हता, म्हणून मी वही उंच धरली आणि आकडे वाचून दाखवले. माझा आवाज चढत गेला. मला त्या क्षणी फार छान वाटत होतं. एक निरपराध माणूस माझ्या गणिताने सुटत होता. "दिवे लावले की होकायंत्र खोटं बोलायला लागतं. मालवले की परत खरं. म्हणून ते दिवसा तपासलं तेव्हा निर्दोष आढळलं. तांडेलांनी होकायंत्रावर विश्वास ठेवला, दुसरं काही केलं नाही."

"बाई, पुरे," दामूतांडेल म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला जी तगमग दिसली ती मी कृतज्ञता समजले.

"नाही, हे सगळ्यांना कळू दे. दोष द्यायचा तर ज्याने ही तार होकायंत्राखालून नेली त्याला द्या. शाळेतल्या मुलाला असतं तेवढंही ज्ञान त्या माणसाला नव्हतं. दोन तारा शेजारी-शेजारी नेल्या असत्या तरी पुरे होतं. तेवढंही त्याला सुचलं नाही. वामन नाटेकरांचा जीव त्या माणसाने घेतला."

मी थांबले. मला वाटलं, आता कुणीतरी विचारील, तो माणूस कोण.

कुणी विचारलं नाही. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. बाकावर चढलेला माणूस हळूच खाली उतरला. पावसे हातातल्या ठरावाच्या कागदाची घडी घालत राहिले, परत उलगडली, परत घातली. खालच्या कारखान्यातल्या यंत्राची घरघर तेवढी फरशीतून येत होती.

मला अजून काही कळलं नव्हतं. मी पावसेंना हळू आवाजात विचारलं, "काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "ती तार वामननेच घातलेली, बाई."

त्यानंतर काय झालं ते मला आठवतं ते तुकड्या-तुकड्याने. हातातली वही खाली ठेवायचं मला सुचेना. धारा चालूच होती, चकती तशीच वाकडी उभी. तार तापली होती आणि तिच्यावरच्या रबराचा वास सुटला होता. वळून बघावं आणि बघू नये, असं दोन्ही वाटत होतं. मी वळले. गुलाब माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, राग नाही, रडू नाही. कुणी हाताने पुसून काढावा तसा तो कोरा झाला होता.

ती माझ्याशी बोलली नाही. भावाशी बोलली. शिव्याशाप सोडून, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"दादा, तुला ठाऊक होतं?"

दामूतांडेलांनी मान खाली घातली.

"दादा, मी विचारत्ये."

"होतं."

"कधीपासनं?"

"आपटलो तेव्हापासनं. आपटलो तशे दिवे गेले. सगळा काळोख. आणि माझ्यासमोर होका फिरला गो. बारक्या बॅटरीचा उजेड होता माझ्या हातात, त्यात बघितला मी. फिरला आणि जाग्यावर जाऊन राहिला. दिव्यांनी फिरवलान होता त्याला. मग वामनला हाका मारल्या, तर त्याचा आवाज आला नाय."

"आणि तू म्हणालास, चूक माझी."

"काय सांगणार होतो तुला? की त्याच्याच हातानं झालं म्हणून?"

"मी तुला काय काय बोलले. घरात येऊन, सगळ्यांसमोर. आईसमोर."

"बोललीस तर बोललीस. माझ्यावर राग काढून तुला जगता येत होतं ना."

गुलाबने तोंडावर पदर घेतला. तशीच उभी राहिली. इथून कसं बाहेर पडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या माणसाने तीन आठवडे दारुडा म्हणवून घेतलं होतं, बहिणीचे शिव्याशाप झेलले होते. त्यांनी मेहनतीने झाकलेलं मी सगळ्या गावापुढे उघडं केलं होतं, आणि वर ज्ञान नव्हतं म्हणून मेलेल्या माणसाला हिणवलं होतं, त्याच्या बायकोदेखत.

पदर खाली आला तेव्हा गुलाबचे डोळे भलतीकडेच लागले होते, टेबलावरच्या त्या वाकड्या चकतीकडे.

"पावसेभाऊ," ती म्हणाली, "त्यांनी आणखी तीन लाँचींना दिवे बसवलेत."

पावसेंनी वर पाहिलं.

"संक्रांतीच्या आधी. 'दर्यादौलत', 'सागरकन्या', आणि खालच्या वाडीची ती हिरवी. तिघींना अशीच तार घातल्यानी. मला सांगायचे ते, एकाच तारेत काम भागवलं म्हणून. हिरवी वाळूवर हाय. बाकीच्या दोघी कुठं हायत?"

उत्तर कुणी द्यायला नको होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. दोन्ही लाँची आदल्या दिवशी दक्षिणेला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पहाटे परतायच्या होत्या. धुक्यातून. मासळी निवडायला दिवे लावून. त्या काळी आमच्याकडच्या लाँचींवर बिनतारी यंत्र नव्हतं. समुद्रात गेलेल्या माणसाला काही कळवायचं तर त्याच्यापर्यंत जावंच लागायचं.

"किती माणसं आहेत दोन्हींवर?" मी विचारलं.

"चौदा," पावसे म्हणाले.

दामूतांडेलांना काहीतरी जोरात लागल्यासारखं झालं. "माझ्या डोक्यातच आलं नाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दुसऱ्या लाँची डोक्यातच आल्या नाय. मला फक्त हिचं तोंड दिसत होतं."

"आता बोलत नको बसू, दादा," गुलाब म्हणाली. "जा."

अर्ध्या तासात बंदरातली सर्वात वेगवान लाँच निघाली. तिच्यावर दिवेच नव्हते. सुकाणू दामूतांडेलांच्या हातात दिलं, ठराव पावसेंच्या खिशातच राहिला. निघायच्या आधी ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता मला दोष देतील, आणि द्यावा असंच मला वाटत होतं. पण त्यांनी विचारलं ते निराळंच.

"दिवे मालवले की पुरे? की तार काढायला लागंल?"

"मालवले की पुरे."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. आयुष्यात कुठल्याही उत्तराची मला इतकी भीती वाटली नव्हती.

मी शेवटची एसटी सोडली. धक्क्यावर बायका जमल्या होत्या, त्यांच्यापासून जरा दूर एका उलट्या होडीवर बसले. सूर्य पाण्याला टेकला तसं धुकं पुन्हा वर यायला लागलं. गुलाब बायकांत उभी होती. मी एकदा उठून तिच्याकडे गेले. "मला माहीत नव्हतं," एवढंच मला म्हणता आलं. तिने ऐकलं आणि मान वळवून समुद्राकडे बघत राहिली. मी परत येऊन बसले. मग पावसेंच्या मंडळींनी मला त्यांच्या घरी नेलं, ताट वाढलं.

सकाळी नऊ वाजता धुक्यातून इंजिनांचे आवाज आले. तिन्ही लाँची एकापाठोपाठ होत्या, दामूतांडेलांची पुढे. 'दर्यादौलत' त्यांना संध्याकाळीच सापडली होती. 'सागरकन्या' सापडायला पहाट झाली. ती परतीला लागली होती, दिवे लावलेले होते, आणि तिचं नाक किनाऱ्याकडे होतं. तिच्यावरचा तांडेल धक्क्यावर उतरला. "हे ओरडत आले, दिवे मालव, दिवे मालव," तो सांगत होता. "मला वाटलं, दामूला वेड लागलं. मालवले, तर माझा होका..." पुढचं त्याने हातानेच दाखवलं, पंजा उपडा धरून हळूहळू फिरवत.

दामूतांडेल माझ्यासमोरून गेले. थांबले नाहीत, पण जाताना म्हणाले, "बरोबर होतं तुमचं." त्या शब्दांनी मला अजूनही बरं वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात बंदर खात्याने नवा अहवाल मागितला. मी तो चार दिवस लिहीत होते. गणित दोन ओळींचं. अडत होतं ते एकाच वाक्यापाशी. शेवटी मी लिहिलं की सदर तार कोणा अज्ञात कारागिराने बसवलेली होती. एक प्रत सोसायटीला दिली. मला वाटलं, निदान एवढं तरी आपण करू शकतो.

तिसऱ्या दिवशी गुलाब प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. हातात तीच प्रत, नीट चौकोनी घडी घातलेली.

"आत या," मी म्हणाले. ती आली, पण बसली नाही.

"वाचलं मी. सातवीपर्यंत शिकल्येय." तिने घडी उलगडली आणि बोट ठेवलं. "अज्ञात म्हणजे काय बाई? कोणालाच ठाऊक नाय असा?"

"हो. मला वाटलं, तुम्हाला बरं..."

"मला ते ठाऊक हायत."

मी खाली बघितलं.

"गावात सगळ्यांना ठाऊक हायत. कागदातच तेवढे नायत. कागदात नसले तर उद्या लोक म्हणतील, कुणीतरी वाईट काम केलान होतं, म्हणून बायकोनं नाव लपवलं." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "नाव घाला."

मी पेन उघडलं. 'अज्ञात कारागिराने' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, वामन नाटेकर यांनी.

"वडलांचं नाव राहिलं."

"काय होतं?"

"पांडुरंग."

मी घातलं. तिने कागद स्वतःकडे फिरवून वाचला, ओठ हलवत, एकेक शब्द.

"आता पुढं लिहा," ती म्हणाली. "काळोखात जाळं ओढताना लोकांची बोटं जायची. यांच्या भावाची दोन गेली. म्हणून यांनी दिवे बसवले. चार लाँचींना बसवले, कुणाकडनं मजुरी घेतल्यानी नाय."

"गुलाबताई, अहवालात असं लिहीत नाहीत."

"चूक लिहितात ना?"

"हो."

"मग हेही लिहा."

मी लिहिलं. माझं अक्षर तिथे वेडंवाकडं आलंय, मला आठवतं. तिने उभ्यानेच पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, आकडेसुद्धा. एका ठिकाणी थांबून विचारलं, "हे दहा म्हणजे किती?" मी अंगठा आणि मधलं बोट फाकवून टेबलावर अंतर दाखवलं. तिने त्या अंतरावर आपला तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवून राहिली, आणि मग उचलला.

पुढे त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या लाँचींच्या तारा दामूतांडेलांनी स्वतः फिरून बदलून घेतल्या. माझा अहवाल बंदर खात्यात दाखल झाला. निवृत्तीच्या आधी एका कामाने मी त्या कचेरीत गेले होते, तेव्हा मुद्दाम जुनं बाड काढून बघितलं. कागद पिवळा पडला होता. दिव्यांचं आणि बोटांचं ते वाक्य तसंच होतं, कुणी खोडलेलं नव्हतं.